साबणाची दुसरी खेप

बाटली उलटी केली तरी तेल पडेना, तेव्हा नऊदिवशांना आधी हसूच आलं. एवढी थंडी पडली की काय, असं पुटपुटत त्यांनी बाटलीच्या बुडावर दोन थापट्या मारल्या. समोर टेबलावर त्यांनी पाच दिवस खपून कोरलेला लाकडी डाव पडला होता. डाव कसला, फावड्याचं पिल्लू होतं ते. पण दांडा हातात धरला की बोटं आपोआप जागेवर बसत, आणि या गोष्टीचा त्यांना सकाळपासून तीनदा आनंद झाला होता. आता फक्त लाकडाला तेल पाजायचं राहिलं होतं.

नऊदिवशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. 'नव्याचे नऊ दिवस' या म्हणीतून ते बायकोने काढलं, शेजाऱ्यांनी उचललं आणि बघता बघता ते कामाच्या ठिकाणी मालकांच्याही तोंडी बसलं. माणूस चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. काच अर्धा मिलिमीटर इकडची तिकडे झाली तर गिऱ्हाइकाचं डोकं दुखतं, म्हणून दिवसभर श्वास रोखून काम. अशी तीस वर्षं. त्या कामात आपल्याला येत नाही असं त्यांच्यासाठी काही उरलंच नव्हतं, आणि तीच त्यांची अडचण होती. घरी आल्यावर त्यांना काहीतरी न येणारं हवं असे. मग विणकाम झालं, मेणबत्त्या झाल्या, मातीची भांडी झाली, रद्दीचा लगदा करून त्याचा नवा कागद झाला, वेताच्या टोपल्या झाल्या. पहिल्या दिवशी हात कसे आंधळ्यासारखे चाचपडतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोक्याला कळायच्या आत बोटांना कसं कळतं, यात त्यांना जे सुख मिळे ते सांगून कोणाला पटत नसे. नवव्या दिवशी जमायला लागलं की गोडी संपली. 'एक ना धड भाराभर चिंध्या,' बायको म्हणायची. तर चिंध्या जोडून पांघरूण शिवायचा छंदही त्यांचा एकदा करून झाला होता.

त्यांनी बाटली खिडकीशी नेली आणि उजेडात धरली. आतलं तेल पांढरं, घट्ट झालं होतं. बाटलीवरच्या चिठ्ठीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: लाकडाचं तेल.

लाकडाला पाजतात ते खनिज तेल. ते थंडीत गोठत नाही. गोठतं ते खोबरेल.

नऊदिवशांचं हसू ओठांवरच थांबलं. त्यांनी फळीवरची दुसरी बाटली उतरवली. तीही तसलीच, सरबताची रिकामी धुऊन घेतलेली. तिच्यावर चिठ्ठी होती 'खोबरेल' आणि तळाशी चार बोटं तेल उरलं होतं. त्यांनी ती हलवली. तेल पाण्यासारखं डचमळलं.

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट त्यांना आठवली, आणि आठवायला नको होती इतकी स्पष्ट आठवली. तेव्हा घरात साबणाचे नऊ दिवस चालू होते. पुढच्या छंदाचं सामान आधीचा छंद संपायच्या आत घरी आणायची त्यांची खोड, म्हणून लाकडाचं तेलही येऊन पडलं होतं. दोन्ही तेलं पाण्यासारखी पारदर्शक, दोन्हींना वास नाही, कारण खोबरेलही त्यांनी मुद्दाम वास काढलेलंच घेतलं होतं. दुकानातल्या प्लास्टिकच्या बाटल्या कुरूप दिसतात म्हणून त्यांनी तेलं काचेच्या बाटल्यांत ओतली आणि वर स्वतः बनवलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या स्वतः शिजवलेल्या खळीने चिकटवल्या. दोन दिवसांत दोन्ही चिठ्ठ्या गळून फळीवर पडल्या. त्यांनी उचलून परत लावल्या. कुठली कुठे, याचा विचार त्यांनी केला होता का? केला असेल. म्हणजे अंदाज केला होता. दुकानात ज्या माणसाने तीस वर्षांत एका काचेचाही अंदाज केला नाही, त्याने घरी अंदाज केला होता.

साबणाचं गणित सोपं असतं. कॉस्टिक सोडा आणि तेल एकमेकांना खातात आणि दोघं मिळून साबण होतो. तेल मोजून घ्यायचं, सोडा मोजून घालायचा, म्हणजे कोणी उपाशी राहत नाही. पण खनिज तेलाला सोडा तोंडसुद्धा लावत नाही. निम्मं शेंगदाण्याचं आणि निम्मं खोबरेल, असं त्यांचं माप होतं. खोबरेलाच्या जागी हे तेल पडलं असेल, तर निम्मा सोडा वडीत तसाच बसून होता. उपाशी. ओलं अंग लागलं की तो कातडी खाणार.

साबणाची पहिली खेप उत्तम झाली होती, त्याच वड्यांनी घरात अजून अंघोळी चालल्या होत्या. ही दुसरी खेप. ती घट्ट व्हायला फार वेळ लागला होता. वड्या कापताना हाताला तेलकट लागत होतं. नंतर वर पांढरी भुकटी धरली, तेव्हा त्यांनी कौतुकाने तिला 'साय' असं नाव दिलं होतं! पहिल्या खेपेच्या वेळी त्यांनी प्रत्येक वडी जिभेच्या टोकाला लावून पाहिली होती. सोडा उरला असेल तर जीभ लगेच सांगते. दुसऱ्या खेपेच्या वेळी मात्र लाकूड कोरायची हत्यारं आली होती, ती बघण्यात जीभ लावायची राहून गेली.

आठ वड्यांपैकी एक नमुना म्हणून घरात ठेवलेली होती. त्यांनी ती कपाटातून काढली, किंचित ओली केली आणि जिभेचं टोक लावलं.

चटका असा बसला की डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी सेलला जीभ लावल्यावर बसायचा तसा, पण चौपट. ते नळाखाली तोंड धरून चुळा भरत राहिले, आणि चुळा भरता भरताच बाकीच्या सात वड्या कुठे गेल्या ते त्यांना आठवलं. मालकांना एक. दुकानातल्या डोळे तपासणाऱ्या बाईंना एक. वरच्या मजल्यावरच्या आजोबांना एक. शिंपीणबाईंना एक. आणि तीन वड्या, सगळ्यात देखण्या, आपल्याच कागदात गुंडाळून, आठ दिवसांपूर्वी धाकट्या बहिणीच्या घरी दिल्या होत्या. बहिणीची मुलगी, त्यांची भाची, महिन्यापूर्वी बाळंत झाली होती. वड्या बाळासाठी होत्या.

नऊदिवशे मोरीच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी फोन काढला. भाचीचा कालचा निरोप अजून पडद्यावर होता. 'मामा, डॉक्टर म्हणाले आता साबण लावायला हरकत नाही. उद्यापासून बाळाची अंघोळ तुमच्या साबणाने!' पुढे तीन हसरे चेहरे. खाली त्यांनी स्वतः पाठवलेले चार.

भाची घड्याळाच्या काट्यावर चालणारी. बाळाची अंघोळ अकराला म्हणजे अकराला. घड्याळात साडेदहाला दोन मिनिटं कमी होती.

त्यांनी भाचीला फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. बाळ झोपलं असलं की ती घरातले सगळे फोन मुके करून ठेवते, हे त्यांना माहीत होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. मग बहिणीला लावला. तोही कोणी उचलला नाही.

"काय झालं हो?" बायको दारात उभी होती. "चेहरा का असा पांढराफटक पडलाय?"

त्यांनी सांगितलं. सांगताना वाक्यं मागेपुढे झाली. आधी बाळ आलं, मग बाटली. एरवी त्यांच्या प्रत्येक छंदावर दोन तरी टोमणे तयार ठेवणाऱ्या बायकोने आज त्यांच्या हातातली वडी घेऊन जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली.

"तुम्ही निघा," ती म्हणाली. "बाकीच्या चौघांना मी फोन करते. तुमच्या भाचीलाही लावत राहते. आणि अहो, चपला घाला."

बस लगेच मिळाली, पण मिळून उपयोग काय! प्रत्येक थांब्यावर ती उभी राहत होती, आणि प्रत्येक थांब्यावर कोणीतरी सावकाश, पिशव्या सावरत उतरत होतं. नऊदिवशे दाराशी दांडा धरून उभे होते. बसायला जागा होती, पण बसलं तर बस आणखी हळू जाईल असं त्यांना वाटत होतं. भीतीला अक्कल नसते. दर मिनिटाला ते फोन लावत होते आणि दर वेळी तीच लांब घंटी ऐकत होते.

त्यांना सारखं ते बाळाचं कातडं दिसत होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी त्याला मांडीवर घेतलं होतं तेव्हा त्याच्या दंडाच्या वळीत त्यांनी बोट घातलं होतं. इतकं मऊ काही आपण आयुष्यात कशाचंच बनवू शकणार नाही, असं त्यांच्या मनात आलं होतं. आणि बाळाला चोळताना साबण डोळ्यात जातोच. तो कोणाच्याही हातून जातो. हा विचार आला की ते तोंड फिरवून बाहेरची दुकानं मोजायला लागत.

ते मनात हिशेबही मांडत होते. बहिणीचा चार दिवसांपूर्वीच फोन आला होता. 'दादा, फेस काय सुरेख येतो रे तुझ्या साबणाला!' म्हणजे तिने वापरला होता, आणि तिला काही झालं नव्हतं. मग कदाचित त्या तीन वड्यांत सोडा कमी उतरला असेल? पण आठही वड्या एकाच पातेल्यातल्या, एकाच साच्यातल्या होत्या. एक चावते आणि बाकीच्या गुणी, असं कसं होईल? ते स्वतःलाच फसवत होते आणि त्यांना ते कळतही होतं.

पावणेअकराला बायकोचा फोन आला. "मालकांची वडी त्यांच्या गाडीतच पडून आहे. डोळ्यांच्या बाईंनी कपड्यांच्या कपाटात वासाला ठेवलीय. आजोबांनी कागदसुद्धा सोडला नाही, मी घेऊन आले. शिंपीणबाई म्हणाल्या, कापडावर खुणा करायला छान चालतेय. तिकडे अजून कोणी उचलत नाही हो."

चौघांपैकी एकानेही आपला साबण अंगाला लावला नव्हता. एरवी ही गोष्ट त्यांच्या मनाला आठवडाभर लागून राहिली असती. आज त्यांनी त्या चौघांना मनातल्या मनात हात जोडले. भाचीही तशीच निघू दे, तिनेही वडी कुठेतरी कोपऱ्यात टाकलेली असू दे, अशी त्यांनी प्रार्थना केली. आपली वस्तू कोणी वापरू नये म्हणून देवाकडे मागणं मागणारा कारागीर त्या बसमध्ये दुसरा नव्हता.

बस उतरल्यावर ते धावले. पंचावन्न वर्षांचा, पोट सुटलेला माणूस भर रस्त्यात धावतो तेव्हा लोक बाजूला होतात, तसे झाले. बहिणीचं घर तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर त्यांना कठड्याला धरून थांबावं लागलं. वरून पाण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजावर बाळाचं रडणं. साधं रडणं नव्हे, टाहो.

दार नुसतं लोटलेलं होतं. ते चपलांसकट आत घुसले. न्हाणीघराचं दार उघडं होतं. भाची पाटावर बसली होती, पायांवर बाळ पालथं होतं आणि बाळाच्या पाठभर पांढरा फेस होता. कठड्यावर त्यांच्याच हातच्या कागदाचा बोळा पडला होता.

"थांब!" ते ओरडले. "थांब, थांब, पाणी घाल! पाणी!"

"मामा?" भाची दचकली. "अहो, काय झालं? कोण गेलं?"

उत्तर न देता त्यांनी कोमट पाण्याचा तांब्या उचलला आणि बाळाच्या पाठीवर ओतला. मग दुसरा, मग तिसरा. त्यांच्या बाह्या, विजार, सगळं भिजलं. बाळ आणखी जोरात किंचाळलं. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, मानेच्या वळीत, काखेत, कानामागे पाहिलं. सगळीकडे कातडं गुलाबी होतं. गुलाबी आणि लाल यातला फरक त्यांना कळेना. तीस वर्षं लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून झटलेल्या माणसाला त्या क्षणी काहीच नीट दिसत नव्हतं.

"माझा साबण लावलास? किती वेळ झाला? डोळ्यात गेला का?"

"आत्ताच लावला, तुमचाच. मामा, मला भीती वाटायला लागलीय, बोला ना काय ते!"

त्यांनी साबणदाणीतली वडी उचलली आणि जिभेला लावली. भाची बघतच राहिली.

चटका बसला नाही. कडवट, सुगंधी, गुळगुळीत चव लागली. त्यांनी पुन्हा लावली. मग वडी उलटसुलट केली. कडा सुरीने तासलेल्या होत्या, आणि एका बाजूला, नीट खरवडलं न गेलेलं, कारखान्यातल्या ठशाचं अर्धं अक्षर होतं. बाजारातला बाळांचा साबण होता तो. कोणीतरी तो कापून, घासून ओबडधोबड केला होता आणि त्यांच्या कागदात गुंडाळून ठेवला होता.

जीव भांड्यात पडला म्हणतात तसा त्यांचा पडला. ते तिथेच ओल्या फरशीवर बसले. बाळ टॉवेलमध्ये गेलं, छातीशी गेलं आणि लगेच गप्प झालं. त्याला रोजच अंघोळीचा राग येत होता, एवढंच.

"कोण ओरडतंय?" आतून बहीण आली. घरात सगळे तिला चिमी म्हणत. आजी झाली तरी भाऊ तिला चिमीच म्हणत होता. "दादा? तू कधी आलास? अरे, भिजलास किती!"

तिने हात पुढे केला नाही. एरवी दार उघडल्या उघडल्या ती त्यांचा दंड धरून आत ओढायची. आज तिचे दोन्ही हात पुसायच्या फडक्यात गुंडाळलेले होते.

"चिमे," ते म्हणाले, "हात दाखव."

"भांडी घासत होते रे. ओले आहेत."

"दाखव."

तिने फडकं सोडलं नाही, ते त्यांनीच सोडवलं. उजव्या हाताच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी निघून आत लालबुंद दिसत होतं. तळव्याला भेगा होत्या, आणि अंगठ्याच्या बुडाशी रुपयाएवढी जखम ओली होती. डावा हात जरा बरा होता. तिने दोन्हींना कसलंसं मलम फासलं होतं.

"आई!" भाची म्हणाली. "मला म्हणालीस उलथन्याचा चटका बसला."

"किती दिवस?" नऊदिवशांनी विचारलं.

चिमीने आधी मुलीकडे पाहिलं, मग भावाकडे. "हे बघ, बाळाला लावायचा म्हणजे आधी आपल्याला लावून बघावा, म्हणून मी लावला. पहिल्या दिवशी जरा चुणचुणलं. मला वाटलं थंडीने असेल. म्हणून आणखी तीन दिवस लावला. मग कळलं. मग बाळाला नको म्हणून बाजारातून दुसरा आणला."

"आणि माझ्या वड्या?"

"वाया कशाला घालवायच्या? पायपुसणी धुतली त्यांनी. स्वच्छ निघतात हं."

"हाताने धुतलीस?"

तिने हात पाठीमागे नेले.

"मग फोनवर 'फेस सुरेख येतो' असं का म्हणालीस?" आता त्यांना रडू फुटत होतं, आणि रडताना राग येत होता. "तुला तेव्हा कळलं होतं! बोलली असतीस तर मी त्याच दिवशी सगळीकडून परत मागवला असता. आणखी चार घरांत होता तो साबण, चिमे! एखाद्याने डोळ्यात घातला असता तर?"

"ते कुठे मला ठाऊक होतं?" तीही घाबरली. "आणि फेस खरंच येत होता. तू एवढ्या हौसेने केलास, कागदसुद्धा स्वतः केलास. नवीन काही केलंस की तुझा चेहरा कसा होतो ते मला माहितेय ना. तोंडावर कसं सांगू, चावतो म्हणून?"

घरातल्या सगळ्यांनी नऊदिवशांना नावं ठेवली, चिडवलं, त्यांच्या टोपल्यांत कांदे भरले. एकटी चिमी प्रत्येक वस्तूला छान म्हणत आली. तिच्या छानवर भरवसा ठेवून ते पुढच्या छंदाला हात घालत होते.

"मी विणलेले हातमोजे?" त्यांनी विचारलं. "बोचायचे का?"

"थोडे. आतून पातळ मोजे घातले की नाही बोचत."

"तो मातीचा कप? गळायचा?"

"चहा पटकन प्यायचा मग," ती म्हणाली, जणू यात न समजण्यासारखं काय आहे.

भाची हसली आणि लगेच गप्प झाली, कारण मामा हसत नव्हते. त्यांना बसमधल्यापेक्षा जास्त भीती वाटायला लागली होती. बाळाचं कळलं असतं. बाळ रडलं असतं, किंचाळलं असतं, सगळी चाळ गोळा झाली असती. ही मात्र हात सोलून निघेपर्यंत गप्प राहिली होती, आणि आज बाटलीतलं तेल गोठलं नसतं तर आणखीही राहिली असती. त्यांनी नळ सोडला आणि तिचे दोन्ही हात गार पाण्याखाली धरले. पाणी जखमेला लागल्याबरोबर तिच्या कोपरापर्यंत शहारा गेला. तोंडाने तिने हूं की चूं केलं नाही.

दवाखाना गल्लीच्या टोकाला होता. ते तिला तिथवर दंडाला धरून घेऊन गेले. 'अरे, मलमाने बरं होईल, उगाच कशाला,' असं ती प्रत्येक पायरीवर म्हणत होती. आत फारशी गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, घाईत होत्या, त्यांनी कागद पुढे ओढला, चिमीचं वय विचारलं आणि लिहिता लिहिता, वर न बघता, म्हणाल्या, "किती दुखतंय?"

चिमीने एकदा भावाकडे पाहिलं.

"छे हो," ती म्हणाली. "विशेष काही नाही."

"डॉक्टर," नऊदिवशे म्हणाले, "तिला विचारू नका. हात बघा."